बूट नेमका कुणाचा अडकला होता

माणसाच्या तोंडापेक्षा त्याचे पाय जास्त खरं बोलतात, असं मनापासून मानणारा सबंध कुवेतमध्ये एकच माणूस असेल, आणि तो माझ्या वाट्याला व्याही म्हणून आला. आमच्या सूनबाईंचे हे वडील मूळचे चिपळूणकडचे. उभा जन्म त्यांनी इथल्या एका हाडांच्या दवाखान्यात मोडलेल्या पायांना प्लास्टर घालण्यात काढला. त्याचा परिणाम असा झाला, की नवीन माणूस भेटला की लोक चेहरा बघतात, हे खाली बघतात. माझ्या मुलाला पहिल्यांदा बघायला आले, तेव्हा त्याचं शिक्षण, नोकरी, पगार यातलं काहीही न विचारता त्याला बैठकीच्या खोलीत चार फेऱ्या मारायला लावल्या आणि विहीणबाईंना म्हणाले, "टाच सरळ पडते. मुलगा फसवणार नाही." दवाखान्यातही ते पेशंटशी न बोलता त्याच्या पायाशीच बोलत. कळवळणाऱ्या कुवेती म्हाताऱ्याचा घोटा हातात घेऊन ते त्या घोट्यालाच समजावत, "श्वय श्वय, बाबा, श्वय श्वय." अरबीत याचा अर्थ हळूहळू. त्यांना अरबी तसं कामापुरतंच येतं, पण हे दोन शब्द त्यांनी असे काही आपलेसे केले आहेत, की उकळी फुटणाऱ्या दुधालासुद्धा ते श्वय श्वय म्हणतात. दूध ऐकत नाही, ही गोष्ट वेगळी.

त्यांचं दुसरं वेड म्हणजे रंगीत तालीम. आयुष्यात कुठलीही गोष्ट पहिल्यांदाच करायची नाही, असा त्यांचा नियम आहे. पहिल्यांदा करायची ती घरी, कुणी बघत नसताना. भारतात सुट्टीवर निघण्याआधी ते बॅगा भरून, बूट घालून, विहीणबाईंसह लिफ्टने खाली जात आणि हारिसला, म्हणजे इमारतीच्या रखवालदाराला, सलाम करून पुन्हा वर येत. तो बिचारा दरवेळी "इतक्यात आलात?" म्हणून विचारी. मुलीच्या लग्नात वरपक्षाचे पाय धुवायची वेळ येणार, म्हणून रिग्गईच्या फ्लॅटमध्ये त्यांनी विहीणबाईंना खुर्चीवर बसवून त्याची तालीम केली, आणि पाणी खालच्या मजल्यावर गळल्यामुळे एका मिसरी, म्हणजे इजिप्शियन, कुटुंबाशी कायमचा परिचय करून घेतला. लग्नात नवऱ्यामुलाचे पाय धुऊन झाल्यावर ते तांब्या घेऊन माझ्याकडे वळले. मी संकोचलो. म्हटलं, "अहो, आमच्याकडे व्याह्यांचे पाय धुवायची पद्धत नाही."

"पद्धत नसेल, व्याहीबुवा. पाय तर आहेत ना?" असं म्हणून त्यांनी माझे पाय ताम्हणात घेतलेसुद्धा. आणि भर मांडवात, सनईचौघड्याचा गजर चालू असताना, माझ्या कानाशी येऊन हलकेच म्हणाले, "उजवा अंगठा हट्टी आहे तुमचा. बुटात त्रास देईल कधीतरी."

हे भविष्य खरं ठरलं, आणि ते कसं ठरलं हे सांगण्यासाठीच मी आज लिहायला बसलो आहे. कारण त्या दिवसाची एक गोष्ट इथल्या मराठी मंडळींमध्ये वर्षानुवर्षं सांगितली जाते, ती सांगणारा मी आहे, आणि ती खोटी आहे.

झालं असं, की मुलाच्या आणि सूनबाईंच्या मनात आलं, दोघांच्याही आईवडिलांना हिवाळ्यात जॉर्जियाला बर्फ दाखवायला न्यावं. बर्फ बघायचा एवढाच बेत होता. पण आमच्या व्याह्यांनी कुठूनसं ऐकलं, की तिथे बर्फावरून घसरायचे, ते स्कीचे बूट घालणं हेच सगळ्यात अवघड काम असतं, घसरणं त्यामानाने सोपं. झालं! भाद्रपदातच त्यांनी शुक्रवारचा जुना बाजार गाठला. कुवेती लोक युरोपात बर्फावर जाऊन येतात आणि कंटाळले की सामान या बाजारात येतं. तिथून ते लालभडक रंगाची एक जोडी घेऊन आले. बूट कसला, गुडघ्याखालपर्यंत येणारी प्लास्टिकची तोफ! चार पोलादी खटके, आत गादी, आणि वाकण्याचं नाव नाही. त्या दिवशी त्यांच्याकडे दीड दिवसाचा गणपती होता, संध्याकाळी मंडळी आरतीला यायची होती. मी आमच्या फहाहीलहून दुपारीच मदतीला म्हणून गेलो होतो. मदत म्हणजे मोदक चाखणं.

बूट भर दुपारी गाडीच्या डिकीत पडून होते. ते वर आणताच व्याह्यांनी दाबून पाहिले आणि त्यांचे डोळे लकाकले. "व्याहीबुवा, उन्हाने शिऱ्यासारखे मऊ झालेत. हाच मुहूर्त. इथेच बाल्कनीत बसा." वरपक्ष म्हणून पहिला मान अर्थातच माझ्या उजव्या पायाचा होता. मग त्यांनी मला जे शास्त्र सांगितलं, ते मी इथे मुद्दाम नोंदवतो, कारण ते पुढे बर्फातही खरं ठरलं. मोजा एकच, पातळ. दोन घातले की पाय उबदार राहत नाही, फक्त अडकतो. पँट मोज्यात कोंबायची नाही. खटके चारही पूर्ण उघडायचे, बुटाची जीभ पुढे आणि बाजूला ओढायची, आणि मोज्यावर बकाल्यातली, म्हणजे कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातली, पातळ प्लास्टिकची पिशवी चढवायची. पाय आत सरकला की पिशवी ओढून काढायची. टाच आत सरकवायला शूहॉर्न, म्हणजे बुटाचं लांब शिंगडं लागतं, ते नव्हतं, म्हणून त्यांनी स्वयंपाकघरातून थालिपीठाचं उलथनं आणलं. "आता बसून ढकलू नका. उभे राहा, वजन टाचेवर द्या, आणि श्वय श्वय." पाय सुळकन आत गेला. मला इतका आनंद झाला, की त्यांचं "खटके लावू नका हो!" कानावर पडेपर्यंत मी चारही खटके खटाखट लावून मोकळा झालो होतो. त्याच तोऱ्यात बाल्कनीतून थंडगार दिवाणखान्यात आलो, गणपतीसमोरच्या सोफ्यावर बसलो आणि मोदक खाल्ले.

एसीमध्ये प्लास्टिक पुन्हा कडक होतं, हे आम्हा दोघांच्याही तालमीत आलं नव्हतं. पाय फुगला, बूट आवळला, खालचा खटका उघडेना. आणि तेवढ्यात दाराची बेल वाजली.

आता इथे एक गोष्ट सांगायलाच हवी. त्या वर्षी मी आमच्या मंडळाचा अध्यक्ष होतो, आणि शिस्तीचा भोक्ता. "गणपतीच्या खोलीत पादत्राणे सक्त मना, मोजेसुद्धा बाहेर," असा मजकूर मीच सगळ्यांना मोबाइलवर पाठवला होता. मागल्याच आठवड्यात मंडळाच्या सत्यनारायणाला एका तरुण डॉक्टरला, बिचारा ड्यूटीवरून थेट आला होता, त्याच्या मोज्यांवरून मी चारचौघांत झापलं होतं. तो डॉक्टर आता दाराशी उभा होता. आणि मी, अध्यक्ष, गणपतीच्या पुढ्यात गुडघ्यापर्यंत बूट घालून बसलो होतो. मी व्याह्यांकडे पाहिलं. मी काही बोललो नाही, पण माझा पाय बहुधा बोलला असावा. त्यांनी क्षणात विहीणबाईंची शाल माझ्या मांडीवरून पार जमिनीपर्यंत सोडली. "व्याह्यांच्या पायाला मुंग्या आल्यात, त्यांना उठवू नका कुणी," असं जाहीर करून दार उघडलं.

आरती सुरू झाली. मी बसून टाळ्या वाजवत होतो. दुसऱ्या कडव्याला मला भान राहिलं नाही, पायाने ठेका धरला, आणि शालीखालून फरशीवर आवाज झाला, ठण्ण! टाळ्या थांबल्या. सगळे इकडेतिकडे बघू लागले. व्याही आत गेले. एवढ्यात आतून उत्तर आल्यासारखा आवाज आला, ठण्ण. मग पुन्हा, ठण्ण, ठण्ण. आणि पडदा सारून आमचे व्याही बाहेर आले. धोतर, उपरणं, हातात निरांजन, एक पाय अनवाणी आणि दुसऱ्या पायात तो लालभडक बूट, डावा. आवाजाला मालक हवा होता, तो त्यांनी मिळवून दिला.

मंडळातल्या एक ज्येष्ठ काकू कडाडल्या, "अहो, काही लाज? गणपतीसमोर पादत्राण?"

"काकू, हे पादत्राण नाही. हे अडकलेलं संकट आहे. आता विघ्नहर्त्यासमोर संकट घेऊन नाही उभं राहायचं, तर काय ट्रॅफिक पोलिसासमोर?"

असा हशा उसळला, की त्या डॉक्टरच्या हातातली झांज पडली. आणि खोलीत सगळ्यात मोठ्याने जो हसला, तो मी होतो. शालीखाली पाय ठणकत होता आणि मी पोट धरून हसत होतो. मंडळी गेल्यावर त्यांनी मला खांद्याचा आधार देऊन पुन्हा उकाड्यात बाल्कनीत नेलं, सूनबाईंचा केस वाळवायचा ड्रायर लावून बूट ऊन केला, खटके सैल केले, जीभ ओढली आणि पाय मोकळा केला. मी आभार मानणार, तर म्हणाले, "सांगितलं होतं ना, अंगठा हट्टी आहे." अंगठ्याबद्दलच बोलले. अध्यक्षाबद्दल एक शब्द नाही.

पुढच्याच कार्यक्रमात कुणीतरी मला विचारलं, "तुमच्या व्याह्यांच्या बुटाचं काय झालं हो ते?" तिथे खरं सांगायला हरकत नव्हती. पण मी उभा राहिलो आणि त्यांची ठण्ण ठण्ण चाल करून दाखवली. लोक लोटपोट झाले. मग दर कोजागिरीला, दर सहलीला माझी ती नक्कल ठरूनच गेली. गोष्टीला मी दरवर्षी नवी झालर लावली. एका वर्षी तर त्यांना त्या बुटात फुगडीसुद्धा घालायला लावली. "बूटवाले काका" हे नाव त्यांना माझ्यामुळे पडलं. आणि ते? पहिल्या रांगेत बसून हसत. माझी नक्कल संपली की एवढंच म्हणत, "डावा पाय जरा जास्त उचला, व्याहीबुवा. बूट जड असतो."

जॉर्जियाला आम्ही गेलो तेव्हा बर्फाच्या कडाक्यात ते बूट दगड झाले होते. व्याह्यांनी हॉटेलच्या खोलीत तासभर खपून, ड्रायर, पिशवी आणि चिपळूणच्या पद्धतीने कपड्यात गुंडाळून आणलेलं उलथनं, एवढ्या सरंजामानिशी मला बूट चढवले. जोडी एकच होती. ती त्यांनी मला दिली आणि स्वतः रबरी गमबूट घालून कडेला उभे राहिले. सूनबाईंनी दोन्ही हात धरले, आणि मी, साताऱ्याच्या उन्हात वाढलेला आणि कुवेतच्या उन्हात पिकलेला माणूस, बर्फावरून भाड्याच्या स्कीवर घसरत गेलो. फार नाही, एका अंगणाएवढंच अंतर. पण वारा कानाला लागला आणि मी लहान मुलासारखा ओरडलो. मागून आवाज येत होता, "श्वय श्वय!" त्या अंगणाएवढ्या सुखाचं माझ्यावर ऋण आहे, आणि परतल्यावर मी तेही कधी कुणाला सांगितलं नाही. नक्कल मात्र केली.

आता व्याह्यांचा अकामा, म्हणजे इथल्या वास्तव्याचा परवाना, संपला. ते दोघं कायमचे चिपळूणला निघाले. मंडळाने निरोपाचा कार्यक्रम ठेवला आणि अपेक्षेप्रमाणे फर्माईश झाली, "बुटाची गोष्ट होऊ द्या!" मी उठलो. म्हटलं, "मंडळी, ही गोष्ट आजवर मी चुकीची सांगत आलो. बूट माझा अडकला होता. शालीखाली मी होतो. हे माझ्यासाठी बूट घालून उभे राहिले." मग तो डॉक्टर, आता त्याचेही केस पिकू लागलेत, उठून टाळ्या वाजवू लागला. "काका, काय मोठं मन तुमचं! निघालेल्या व्याह्यांची बदनामीसुद्धा स्वतःवर घेतलीत!" सगळ्यांनी टाळ्यांचा कडकडाट केला. मी ओरडून सांगतोय, "अहो, खरंच!" तर लोक आणखी हसतात. मी हताश होऊन व्याह्यांकडे पाहिलं. त्यांचे डोळे भरले होते आणि खांदे हसण्याने गदगदत होते. नातीने माझा हात थोपटला, "आजोबा, इट्स ओके, वुई नो यू आर किडिंग." एवढी वर्षं खोटं इतक्या झोकात सांगितलं, की खरं सांगायची माझी पत उरली नव्हती. म्हणून हे लिहून ठेवतो आहे.

निघायच्या सकाळी मी रिग्गईला गेलो. रिकाम्या फ्लॅटमध्ये ते एका स्टुलावर बसले होते. हल्ली त्यांच्या पायांना सूज येते. मुलीने प्रवासासाठी घेतलेले नवे बूट चढत नव्हते. तालीम नव्हती झाली का, विचारलं, तर म्हणाले, "या जाण्याची कशी करणार, व्याहीबुवा?"

बांधलेल्या सामानातून मी उलथनं शोधून काढलं आणि जमिनीवर बसलो. माझे गुडघे वाजले. त्यांनी घाईने पाय मागे घेतला. "अहो, अहो! वरपक्षाने खाली बसायचं नसतं. पद्धत नाही."

"पद्धत नसेल," मी म्हटलं, "पाय तर आहे ना?"

मग त्यांनी पाय हळूच पुढे केला. मी लेस पूर्ण सैल केली, जीभ पुढे ओढली, मोज्यावरची चुणी काढली आणि टाचेमागे उलथनं धरलं. इतक्या वर्षांच्या मैत्रीत त्यांचा पाय मी पहिल्यांदाच हातात घेत होतो. मऊ होता, थकलेला होता, आणि माझ्यावर त्याचा काहीही राग नव्हता. तळपायाच्या बाबतीत मला काही कळत नाही, पण एवढं कळलं.

"श्वय श्वय," मी त्या पायाला म्हटलं.

आणि तो ऐकून हळूच आत गेला.