न मोजलेली लेकरं

नाशिकहून संभाजीनगरची बस सुटली तेव्हा माझ्या पिशवीत दोन साड्या होत्या, दशम्या होत्या आणि मनात भरपूर संशय होता. संशय मी कुठेही बरोबर नेते. भाजीवाल्याने न मागता कोथिंबीर घातली तरी मी आधी तराजूकडे बघते.

ह्या खेपेला कारणही तसंच होतं. माझ्या नातीला, ईशाला, एवढ्या लहान वयात साखरेचा आजार निघाला. रोज इन्शुलिनची इंजेक्शनं, तीही जन्मभर. शाळेत तिच्या बाईंना तेवढं सांगितलं. बाकी शेजारीपाजारी, नातेवाईक, सगळीकडे अळीमिळी गुपचिळी. मुलीची जात, उद्या लग्नाचं बघायचं, म्हणून हा हुकूम माझाच. औषधाचा डबा फ्रीजमध्ये मेथीच्या जुडीमागे ठेवायचा, म्हणजे पाहुण्यांना दिसत नाही.

सुनेने मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला. बिडकीनचे भिवाजी नावाचे म्हातारे मेंढपाळ तोंडाने पशुपक्ष्यांचे आवाज काढतात, त्या कार्यक्रमांतून पैसे उभे करतात आणि ह्याच आजाराच्या मुलांच्या औषधाला देतात. ती मुलं अधूनमधून एकत्र जमतात. सुनेला ईशाला तिथे न्यायचं होतं. "आधी मी बघून येते," मी म्हटलं. मी नाही म्हटलं की विषय मिटणार, हे तिला ठाऊक होतं. म्हणून तिने वाद न घालता कार्यक्रमाचा पत्ता लिहून दिला.

वैजापूरला बस थांबली. कांद्याने भरलेल्या ट्रॅक्टरांची रांग लागली होती आणि चहालाही कांद्याचा वास येत होता. शेजारच्या बाईने विचारलं, "कुणाकडं चाललात?"

"लग्नाला," मी ठोकून दिलं.

"आहेर काय नेताय?"

मी खिडकीबाहेर बघू लागले. एका थापेला दुसरी जोडावी लागते, हे काही मला नवीन नव्हतं.

संभाजीनगरच्या स्टँडवर रिक्षावाला म्हणाला, "औरंगपुरा? बैठो मावशी. जे द्यायचं ते द्या." जे द्यायचं ते द्या म्हणणाऱ्या माणसाची मला सर्वांत जास्त भीती वाटते. त्याने दोन गल्ल्या फिरवल्या तेव्हा मी पर्स छातीशी धरली. पुढे रस्ता खणलेला दिसला. तरी उतरेपर्यंत मी पर्स सोडली नाही.

कापडाच्या दुकानावरच्या एका छोट्या सभागृहात कार्यक्रम होता. भिवाजी उभे राहिले. लाल फेटा, खांद्यावर घोंगडी. त्यांनी आधी टिटवी काढली, मग तितर. मग चुकलेलं कोकरू ओरडलं आणि लांबून त्याच्या आईने ओ दिली. लोक मागे वळून बघू लागले. मी मात्र घोंगडीखाली टेप दडवलाय का, हे बघायला पुढच्या रांगेत जाऊन बसले. टेप नव्हता.

नंतर त्यांची नात पारू पुढे आली. तिने सगळ्यांदेखत बोटाला सुई टोचून साखर तपासली. "थोडं दुखतंय," ती म्हणाली, "पण लपवायला लई त्रास होतोय." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला ते वाक्य कुणीतरी पाठ करून घेतल्यासारखं वाटलं.

मदतीचा डबा फिरल्यावर मी भिवाजींना गाठलं. "एकूण मुलं किती आहेत तुमच्याकडे?"

"हायेत की."

"पण किती?"

"आकडा नाय सांगत मी, बाई. उद्या घरी या, भाकर खायला."

पैसे घेतो आणि आकडा सांगत नाही! चोर सापडल्याचा मला चक्क आनंद झाला. पारूबरोबर आलेल्या, त्याच आजाराच्या मुलांची डोकी मी गुपचूप मोजून ठेवली.

दुसऱ्या दिवशी बिडकीनला गेले. त्यांचं घर पत्र्याचं, आणि आत कोराकरकरीत फ्रीज. "देणगीतून घेतला वाटतं?" मी विचारलं.

"व्हय," त्यांची बायको ठकूबाई चुलीपाशी बसूनच म्हणाली. "उघडा की."

मी उघडला. दूध नव्हतं, भाजी नव्हती. नुसते औषधांचे डबे, आणि प्रत्येकाला वेगळ्या रंगाचा लोकरीचा दोरा. मेंढरांना खुणेसाठी गळ्यात बांधतात तसा. ज्यांच्या घरी फ्रीज नाही, त्या मुलांचं इन्शुलिन होतं ते.

"मग सांगा ना, किती जणांचं आहे?" मी अजून हट्ट सोडला नव्हता.

ठकूबाईने बाजरीची भाकरी आणि ठेचा पुढ्यात ठेवला. "आक्का, कळपाची डोकी मोजून सांगत्यात व्हय? दृष्ट लागती. मेंढरा-जित्राबाची नाय सांगत आम्ही, मग लेकरांची कशी सांगावी? पैशाचा हिशेब मेडिकलवाल्याकडं हाय, जाताना बघून जा."

"न मोजता एखादं हरवलं तर कळणार कसं?"

"जे नाय ते दिसतंय," भिवाजी म्हणाले. मग एकेका दोऱ्याला हात लावत सांगू लागले. निळा शेजारच्या वस्तीवरच्या पोराचा, बोलताना अडखळतो पण सुई स्वतः घेतो. हिरवा एका रुसक्या पोरीचा. तपकिरी कुणाचा ते त्यांना आठवेना, तेव्हा ठकूबाईने चुलीपासून सांगितलं, "भित्र्याचा."

मग ते माझ्याकडे वळले. "एवढ्या लांबून उगीच कुणी चौकशीला येत नाय. तुमचं कोणतं?"

लग्न, लांबचे पाहुणे, काहीच तोंडात आलं नाही. "नात आहे," मी म्हणाले.

"खूण काय तिची?"

"डावखुरी आहे. हसताना खांदे उडवते."

आजाराबद्दल मी परक्या माणसाशी पहिल्यांदाच बोलत होते, आणि त्यात आजाराचं नावही आलं नव्हतं. मला रडू आलं. ठेचा तिखट आहे असं म्हणायची सोय होती, पण मी ते म्हटलं नाही.

"रंग कोणता आवडतो तिला?" ठकूबाईने विचारलं.

"पिवळा."

तिने कोनाड्यातून पिवळा दोरा तोडून दिला. जाताना मी मेडिकलमध्येही डोकावले. हिशेब चोख होता. स्वभाव काही एका भाकरीने बदलत नाही.

परतीच्या बसमध्ये शेजारणीने कुठून आलात विचारलं, तेव्हा मी सगळं खरं सांगितलं. तिनेही मग तिच्या भावाच्या आजाराचं सांगितलं, येवला येईपर्यंत.

घरी पोचल्यावर मेथीच्या जुडीमागचा डबा काढला, पिवळा दोरा बांधला आणि फ्रीज उघडताच दिसेल असा वरच्या फळीवर ठेवला. सुनेने मेथीची जुडी खालच्या कप्प्यात सरकवली. ईशा मागून आली.

"आजी, तिथे माझ्यासारखी किती होती?"

मोजलेला आकडा माझ्या जिभेवर होता. मी तो गिळला.

"आकडा सांगत नाहीत तिथे. एक निळ्या दोऱ्याचा आहे, अडखळत बोलतो. एक हिरवी, सारखी रुसते. एक तपकिरी, भित्रा."

"आणि?"

"आणि एक पिवळी. डावखुरी."

ईशाने डावा हात वर करून पाहिला, आणि तिचे खांदे उडाले.