एरंडेलभाऊजींचा खरा चेहरा

गल्लीत बातमी अशी होती, की आमचे एरंडेलभाऊजी मुळात ते नव्हेतच. दुसऱ्याच कुणाचं नाव लावून इतकी वर्षं आपल्या कपड्यांना इस्त्री करतायत, आणि आता एक वकील त्यांच्या मागावर आहे. माझ्याकडे आली तेव्हा बातमी एवढीच होती. पुढे जाताना तिला एक पहिली बायकोही चिकटली. ती मी चिकटवली, असं वहिनी, म्हणजे भाऊजींची आत्ताची बायको, म्हणते. म्हणो बापडी.

खरी गोष्ट फारच बेचव निघाली. भाऊजींचं इस्त्रीचं दुकान भाड्याच्या खोलीत. मालक वारले, मुलगा परदेशात. त्याने खोली भाऊजींनाच विकायची ठरवली आणि सगळं काम लांबच्या शहरातल्या एका वकिलावर सोपवलं. वकिलाने विचारलं, घेणारे तुम्हीच कशावरून? भाऊजींनी ओळखपत्र पाठवलं. त्यावरच्या फोटोत डोक्यावर केसांचं रान. आता तिथे इस्त्री फिरवल्यासारखं सपाट. वकिलाचा उलट निरोप आला: नवा फोटो काढा आणि नात्यात नसलेल्या, तुम्हाला पुष्कळ वर्षं ओळखणाऱ्या प्रतिष्ठित व्यक्तीकडून मागे लिहून घ्या, की हा फोटो याच माणसाचा. महिनाअखेरपर्यंत आलं नाही, तर शेजारचा मोबाईलवाला खोली घ्यायला टपलेलाच आहे.

"मी करते की सही," मी म्हटलं.

"प्रतिष्ठित म्हणालाय तो," भाऊजी म्हणाले. चेहरा नेहमीसारखा, आत्ताच एरंडेल प्यायल्यासारखा. नाव आम्ही उगाच नाही ठेवलं.

डॉक्टर नवे. बँकेचे साहेब कालपरवा बदलून आलेले. उरल्या दुकानाच्या वरच राहणाऱ्या मोठ्या बाई, शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या. आणि नेमका त्यांच्याशीच अबोला! बाईंच्या गॅलरीतल्या कुंड्यांचं पाणी एकदा इस्त्रीच्या शर्टांच्या थप्पीवर पडलं. भाऊजींनी रस्त्यात उभं राहून बाईंचं शिक्षण काढलं. तेव्हापासून बाईंचे कपडे मागच्या गल्लीत जातात.

नवा फोटो काढून आणला, आणि वहिनीने नवऱ्याला ढकलत ढकलत बाईंचा जिना चढवला. मीही गेले. एवढ्या नाजूक कामात बाईमाणसाला एकटं कसं सोडायचं?

बाईंनी चष्मा पुसला, फोटो बघितला, मग भाऊजींना बघितलं.

"हे कोण?"

"मी."

"हा माणूस हसतोय."

"फोटोवाला म्हणाला हसा, म्हणून..."

"मी तुम्हाला रोज गॅलरीतून बघते. हसलेलं कधी पाहिलं नाही. हे गृहस्थ माझ्या ओळखीचे नाहीत, आणि खोटी सही मी करत नाही."

"खरंय हो बाई," वहिनी म्हणाली. "लग्नाच्या फोटोतसुद्धा हसले नव्हते. मलाच तो फोटो उशाशी ठेवायला संकोच वाटतो."

"तू गप्प बस गं!" भाऊजींचा पारा चढला. "आणि बाई, ठेवा तुमची सही लोणच्याला! जाऊ दे दुकान त्या मोबाईलवाल्याला. पडू दे तुमचं पाणी त्याच्या मोबाईलांवर!"

"हां! आता ओळखलं," बाई शांतपणे म्हणाल्या. "हाच चेहरा घेऊन फोटोवाल्याकडे जा. वाटेत उतरू देऊ नका."

उतरू द्यायला आम्ही काय मेलो होतो? स्टुडिओपर्यंत वहिनीने सासरचं एकेक माणूस उकरून काढलं, आणि दम लागून ती थांबली की मी विचारत होते, "भाऊजी, त्या पहिल्या बायकोचं पुढे काय झालं हो?" फोटो असा उतरला, की फोटोवाला पैसे मागायला कचरत होता. बाईंनी मागे वळणदार अक्षरात लिहिलं, 'हे तेच. हे रोज असेच दिसतात.' खाली सही ठोकली. तिकडे वकिलाने एका शब्दानेही हरकत घेतली नाही.

खरेदीचे कागद आले त्या दिवशी मोठ्या बाई चादरींचं बोचकं घेऊन स्वतः दुकानात उतरल्या.

"दुकान तुमचं झालं म्हणे. आता तरी हसा!"

भाऊजींनी मान वर केली नाही. चादर पसरली, पाणी शिंपडलं आणि म्हणाले, "दुकान त्या फोटोतल्या माणसाचं झालंय, बाई. मी हसलो, तर उद्या तो माझ्याकडेच भाडं मागायला येईल."