गिधाडांना न दिलेला बैल

वैशाखरे गावाच्या वरच्या पाड्यांत कुणाचं ढोर मेलं की पहिला निरोप नवसूला. अकरा वर्षं हेच चाललंय. तो येणार, दारातच उभा राहणार आणि विचारणार, "सुई टोचली व्हती का?"

सुई म्हणजे दुखणं मारायची. ती टोचलेलं ढोर गिधाडानं खाल्लं की चार दिवसांत गिधाड मान टाकतं. हे नवसू कुठल्या कॉलेजात शिकला नाही. मेलेली गिधाडं त्याने स्वतःच्या हातांनी गोळा केली होती. "नाय टोचली" म्हटलं की ढोर टेम्पोतून कड्याखालच्या माळावर, गिधाडांना. "टोचली" म्हटलं की खड्डा, आणि तोही मालकानेच खणायचा. म्हणून लोक बेधडक खोटं बोलत आणि नवसू भांडत असे. एका पुढाऱ्याच्या म्हशीपायी तर तो टेम्पोपुढे आडवा पडला होता. कड्यावर दोन घरटी उरली होती, ती आता चौदा झाली. पेपरातल्या फोटोत मात्र साहेबलोक.

चैत्रात नवसूचा स्वतःचा बैल मेला, पवळ्या. तो आजारी पडला तेव्हा नवसू दोन दिवस शहापूरला होता, गिधाडांच्याच मिटिंगला. परतला तर गोठ्यासमोर माणसं जमलेली.

"टेम्पो बोलवू ना रे?" शेजारचा देवराम म्हणाला. "का आधी घरात इचारतोस? कायदा समद्यांना सारखाच ना?"

पवळ्या माळावर जावा, असं नवसूने कधीचं ठरवलं होतं. घरट्यांत पिल्लं होती, महिनाभरात एकही ढोर मिळालं नव्हतं. तरी तो दारात उभा राहिला.

"जानी, सुई टोचली व्हती का?"

बायकोने नाही म्हटलं असतं तर कुणाला कळणार होतं?

"टोचली," ती म्हणाली. "काल. त्या फिरत्या सुईवाल्याकडून."

"तुला ठावं नव्हतं?"

"ठावं व्हतं. रातभर दात खात व्हतं ते. तुमी नव्हते. माझ्यानं बघवंना."

नवसू भांडला नाही. त्याला राग शोधूनही सापडेना. त्याने पहार घेतली आणि बांधाकडेला खणायला लागला. जमीन दगडासारखी. माणसांनी बैल ओढून खड्ड्याशी आणून दिला तेव्हा उन्हं डोक्यावर आली होती, आणि खड्डा जेमतेम गुडघाभर.

तेवढ्यात वर घिरट्या सुरू झाल्या. एक, तीन, मग सात. पहिलं गिधाड बांधावर उतरलं, पंख मिटून दोन उड्या मारत पवळ्याकडे आलं.

"हाड!" नवसू ओरडला. ते हललं नाही. या माणसाला गिधाडं ओळखत होती. तो आला की जेवण येतं.

त्याने ढेकूळ उचलून मारलं. जानी काठी घेऊन बैलाच्या डोक्याशी उभी राहिली. देवराम पहार उचलून खड्ड्यात उतरला आणि खणू लागला. गिधाडं उडत, चार पावलांवर पुन्हा बसत. नवसू मारत राहिला. एक ढेकूळ पंखावर बसलं, पीस गळालं.

"लागलं त्याला," जानी म्हणाली.

नवसू खाली वाकून पुढचं ढेकूळ शोधत होता.