पाहुण्यांत बसवलेली वागियेम

बू वागियेमला मी पहिल्यांदा पाहिलं ते तिने माझ्या हातातली सुरी काढून घेतली तेव्हा. क्लातेन शहराजवळच्या आमच्या गावात, जिथे बाईमाणसाला आदराने 'बू' म्हणतात, मी शाळेवर नवीन आले होते आणि शेजारच्या लग्नघरी इतर बायकांसारखी राबायला गेले होते.

"बू गुरु, कांद्याची सालं काढताय की कांदाच संपवताय?" असं म्हणून तिने मला केळीची पानं पुसायला बसवलं आणि स्वतः जेनांगच्या कढईकडे वळली. तांदळाचं पीठ, नारळाचं दूध आणि ताडगूळ यांचं ते चिवट गोड प्रकरण अर्धा दिवस न थांबता घोटावं लागतं. जरा हात थांबला की तळाला लागतं आणि लग्नघराची अब्रू जाते. आमच्या पंचक्रोशीत जेनांग घोटावं तर वागियेमनेच.

पुढे तिला स्तनाचा कर्करोग झाला. स्तन काढला, काखेतल्या गाठी काढल्या, किरणं दिली. ती वाचली. पण वर्षभराने डावा हात सुजू लागला आणि सुजलेलाच राहिला. काखेतून पाणी वाहून जायची वाटच उरली नव्हती. दवाखान्यातल्या बाईंनी घट्ट बाही दिली आणि बजावलं, आच नको, ओरखडा नको, जड ओढाओढ नको.

हे म्बाह सालियेमला, गावाच्या आजीला, कोण सांगणार? गावातल्या प्रत्येक दुखण्यावर त्या म्हातारीचं एकच औषध. बाम चोळायचा आणि नाण्याने कातडी लाल होईपर्यंत खरवडायची, म्हणजे अंगात शिरलेला वारा निघतो. ती नाणं घेऊनच दारात उभी राहिली.

"दे इकडे हात. वारा भरलाय नुसता."

"खरंय, म्बाह," वागियेम गरीब चेहरा करून म्हणाली. "पण हा वारा माझा नाही. आमच्या विर्योच्या पाठीतून आलाय, शेजारी झोपतो ना! मुळावरच घाव घाला."

तिचा नवरा, पाक विर्यो, पुढे बरेच दिवस पाठीवर वाघाचे पट्टे घेऊन हिंडत होता.

अशी ही वागियेम गप्प झालेली मी एकदाच पाहिली. बू हारसिनीच्या मुलीच्या लग्नाला ती नेहमीसारखी राबायला मागच्या दाराने आली, तर हारसिनीने तिला मोठ्या प्रेमाने पुढच्या चटईवर पाहुण्यांत नेऊन बसवलं. "आता आराम करा, बू." आमच्याकडे मागच्या दाराने येणारीला पुढे बसवणं म्हणजे तिला निरोपच देणं.

समोर चहा आला, केळीच्या पानात बांधलेला चिकट भात आला. वागियेमने हात लावला नाही. चटईवर सगळ्यांत वडील तीच; तिच्या आधी घास कोण घेणार? बायका हात मांडीवर ठेवून बसल्या. चहा निवला. पाहुण्या उपाशी आहेत म्हटल्यावर हारसिनी धावत आली.

"काय चुकलं, बू? घ्या ना!"

"छे, चुकतंय काय! मला आपली काम केल्यावर भूक लागते."

"पण तुम्हाला आता घोटता नाही यायचं."

"घोटतंय कोण? हाताला आराम सांगितलाय, तोंडाला नाही. आणि तिकडे कढई तळाला लागत आलीय. वास येत नाही तुला?"

मी शेजारीच बसले होते. मला कसलाच वास येत नव्हता. हारसिनी मात्र पांढरीफटक पडली. उठता उठता वागियेमने भाताचा एक तुकडा तोंडात टाकला आणि पाहुण्यांची सुटका केली.

आच लागणार नाही इतक्या अंतरावर खुर्ची मांडली गेली, सुजलेल्या हाताखाली उशी आली. उजव्या हातातला पंखा ती घोटणाऱ्या बाईपुढे छडीसारखा नाचवू लागली. "रुक्मी, तळातून ओढ! सासूच्या पाठीला तेल चोळतेयस का?" जेनांग झालं ते असं, की पाहुण्यांनी पानंसुद्धा चाटली.

हात अजून जाडच आहे. गावात लग्न ठरलं की कढईच्या आधी तिची खुर्ची आणि उशी मांडतात. आणि ती घट्ट बाही रोज सकाळी पाक विर्यो चढवून देतो.