गुवाहाटी पावणेतीन तासांवर

नाथाजी तात्या साताऱ्याच्या तारघरातून निवृत्त होऊन विट्याजवळच्या आपल्या गावी आले, तेव्हा ट्रंकेत शाळेतला जुना नकाशासंग्रह आणि दोऱ्याची एक गुंडी होती. पेन्शन घेऊन गप्प बसतील ते तात्या कसले!

गावातल्या दर दोन घरांमागं एक पोरगा सोनं गाळायच्या धंद्यात परमुलखात. कोणी कोचीनला, कोणी अमृतसरला, कोणी पार गुवाहाटीला. त्यामुळं गावात कोणी वारलं की पहिला प्रश्न हाच, पोराला तोंड बघायला मिळायचं तर माती किती वाजता ठेवायची? ते ठरवायचा मान तात्यांनी कोणी न देताच घेतला. नकाशावर दोरा ताणायचे, पट्टीवर मोजायचे, आलेल्या आकड्याला विमानाच्या ताशी आठशेनं भागायचे आणि चष्मा काढून निकाल द्यायचे. शिकलीसवरलेली माणसंसुद्धा माना डोलवायची. तात्या स्वतः कधी विमानात बसले नव्हते, पण तेवढ्यानं त्यांचं काही अडलं नाही.

शहाण्णव साली सकाळी सातला अर्जुना गेला. त्याचा पोरगा बाळासो गुवाहाटीला. तात्यांनी दोरा ताणला.

"मुंबईपतोर एकवीसशे किलोमीटर, म्हंजे पावणेतीन तास. तितनं गाव आठ तास. सांजच्याला सहाला माती. पंधरा मिंटं जादाच धरल्यात."

बरोबर सहाला माती झाली. बाळासो आला तो दुसऱ्या दिवशी, राख गार झाल्यावर. कोणी कुरकुरलं, तर तात्या म्हणाले, "इमानाला उशीर झाला, त्याला गणित काय करणार?" आणि जेवून निवांत झोपले.

पुढच्याच वर्षी तात्यांची आई लक्ष्मीबाई भल्या सकाळी गेली. धाकटा भाऊ आकाराम गुवाहाटीलाच होता. त्याला फोन लावून झाला, तसे सरपंच नानासो पुढं आले.

"तात्या, सहालाच ठिवायची न्हवं?"

त्यांनी ते अगदी भाबडेपणानं विचारलं होतं. शेवटचे चार दिवस तात्यांच्या आईनं आकारामाचाच धोसरा काढला होता. त्याला तिचं तोंड दिसलं नाही, तर आपण त्याला तोंड कसं दाखवायचं, या विचारानं ते रडकुंडीला आले.

"आकाराम येऊ दे," ते म्हणाले.

"आवं, पर तुमच्याच गणितानं आकरा तास…"

"येऊ दे म्हनतो न्हवं. उद्या येऊ दे, परवा येऊ दे."

माणसांनी एकमेकांकडं बघितलं. बापाच्या वर्षश्राद्धाला आलेला बाळासो तेवढा उठला आणि जीप घेऊन विट्याहून बर्फाच्या लाद्या घेऊन आला. बर्फ वितळला, तसा परत एकदा गेला.

आकाराम दुसऱ्या दिवशी दुपारी चारला पोचला. आईच्या पायांवर डोकं ठेवून पोटभर रडला. बर्फ कोणी आणला ते कळल्यावर त्यानं बाळासोचा हात धरला.

"तुज्या बापाच्या मातीच्या वक्ताला तू कुटं व्हतास रं?"

"कलकत्त्यात. दुसऱ्या इमानाची वाट बगत."

तात्या जवळच उभे होते. सगळ्या गावादेखत त्यांनी बाळासोपुढं हात जोडले. "कलकत्ता मी धरलंच न्हवतं, बाळासो. लय चुकलं माजं."

बाळासोनं खांद्यावरचा टॉवेल कमरेला बांधला. "चला तात्या, खांदा द्या," तो म्हणाला. "आजी लय येळ थांबल्यात."