गॅरेजमधली धुरी

आमच्या गॅरेजमध्ये गाडी येते ती फक्त गणपतीला आणि शिमग्याला. दादा पनवेलला नोकरीला आहे. त्याच्या गाडीसाठी बाबांनी जुना गोठा पाडला आणि हे चिऱ्याचं प्रकरण उभं केलं. वर स्लॅब, पुढे लोखंडी शटर. एरवी तिथे सुपारीची पोती आणि माझी स्कूटी.

गेल्या थंडीत आमच्या वाडीत बिबट्या आला आणि शेजारच्यांचा कुत्रा अंगणातून उचलून घेऊन गेला. आमचा कुत्रा म्हातारा, मागच्या पायांनी अधू. तो आईने पाळलेला. आई जाऊन वर्ष होत आलं होतं, तरी संध्याकाळ झाली की तो तिच्या खोलीच्या दाराकडे बघत बसायचा. आई असताना बाबा त्याला पडवीवर पाय ठेवू देत नसत. तेच बाबा आता म्हणाले, त्याला आणि आपल्या मांजरीला रात्रीचं गॅरेजमध्ये घेऊ. मी काही न विचारता मांजरीसाठी टोपली शोधायला लागले. बाबांना चांगलं वागताना पकडलं की ते चिडतात.

त्यांनी जागा अगदी बैजवार केली. जमिनीचा गारठा लागू नये म्हणून खाली फळ्या, त्यावर भाताचा पेंढा, वर गोणपाट आणि सगळ्यात वर आईचं जुनं लुगडं. मांजरीसाठी टोपली. गोठ्यात गाय व्यायची असली की करायचे तसंच सगळं. डास फार होते, म्हणून गोठ्यातल्यासारखीच नारळाच्या सोडणांची आणि कडुलिंबाच्या पाल्याची धुरी केली आणि दोघांना आत ठेवून शटर खाली ओढलं.

गोठ्याच्या भिंती कुडाच्या होत्या. धूर आपोआप निघून जायचा. इथे चिरा आणि स्लॅब. जन्मभर हातांनी जे केलं तेच हातांनी केलं.

मी स्वयंपाकघरात होते. खोकल्याचा आवाज आला म्हणून धावत जाऊन शटर वर केलं. मांजर माझ्या पायांतून पळाली. कुत्रा पेंढ्यावर आडवा पडला होता, जीभ बाहेर. आम्ही दोघांनी त्याला लुगड्यासकट ओढत अंगणात आणलं. मला बाबांचा भयंकर राग आला होता, पण त्यांच्याकडे बघवत नव्हतं. ते त्याच्या छातीवर हात ठेवून बसले होते. बऱ्याच वेळाने तो उठला आणि पाणी प्याला. बाबा त्या रात्री जेवले नाहीत.

सकाळी गवंडी बोलावून त्यांनी भिंतींना झरोके पाडून घेतले, त्यांना जाळ्या बसवल्या. धुरी कायमची बंद. पण कुत्रा काही केल्या आत येईना. शटरपाशी पाय रोवून उभा राहायचा. बिबट्याचे ठसे तर बागेत रोज दिसत होते. शेवटी बाबांनी स्वतःची खाट उचलून गॅरेजमध्ये नेली. ते आडवे झाले तेव्हा कुठे कुत्रा आत आला.

दादाने फोनवर बरंच सुनावलं. या वयात कुत्र्याजवळ झोपायचं, लोक काय म्हणतील. मलाही बाबांच्या दम्याची काळजी होती, म्हणून मीही घरात चला म्हणून सांगून पाहिलं. बाबा लुगड्याची घडी सारखी करत होते.

"दवाखान्यात तुझी आई धापा टाकत व्हती, तवा मला काचेच्या भायेर बसवलं," ते म्हणाले. "हितं मला कोन अडवनार हाय?"

मी घरात जाऊन त्यांची उशी घेऊन आले.