अर्ध्या मिलीसेकंदाचे ईश्वरप्पा

ईश्वरप्पांनी माझा लॅपटॉप पहिल्यांदा हातात घेतला तेव्हा उदगीरच्या मोंढ्यातला सोयाबीनचा सौदा थांबला होता. हमालांनी पोती पाठीवरच धरून ठेवली, ट्रकवाल्यांनी इंजिनं बंद केली आणि बिदरकडे निघालेली रेल्वे स्टेशनातच उभी राहिली. निदान मला तरी तसं वाटलं. कारण या गृहस्थाने लॅपटॉपला कान लावून डोळे मिटले, आणि पुढची पाच मिनिटं त्याच्या दुकानात माशीसुद्धा हिंडायला धजली नाही.

"सर, मशीनला रोग न्हाई," शेवटी ते म्हणाले. "झोपाळू हाय. सेकंदाला चौसष्टच खेपा जागं होतंय."

"म्हणजे कमी?"

"लई कमी! मी दोन हजार खेपा उठवतो."

माझी तक्रार एवढीच होती की मी टाइप करतो आणि अक्षरं मागाहून येतात. पण ईश्वरप्पांकडे तक्रार तुमची असली तरी आजार तेच ठरवत. विंडोजच्या पोटात एक टायमर असतो, तो ठरावीक वेळाने उठतो आणि कुणाचं काही काम आहे का ते बघून परत झोपतो, हे मला त्या दिवशी कळलं. एका सेकंदाचे हजार भाग केले की एक मिलीसेकंद. हा टायमर साडेपंधरा मिलीसेकंदांनी उठतो. गेम खेळणारी पोरं हे अंतर अर्ध्या मिलीसेकंदावर आणतात, म्हणजे गेम न अडखळता पळतो असं त्यांचं म्हणणं. ईश्वरप्पांनी ही विद्या लातुरात क्लासला गेलेल्या एका पोराकडून उचलली आणि त्या दिवसापासून तालुक्यातल्या एकूण एक आजारावर हेच औषध द्यायला सुरुवात केली. संगणक हळू चालतो? टायमर. प्रिंटर कागद गिळतो? टायमर. एका मास्तरांनी नुसता माउस दुरुस्तीला आणला, तर त्यांना मशीन घेऊन यायला परत घरी पाठवलं.

औषध म्हणजे एक छोटीशी काळी खिडकी. तिच्यात हिरव्या अंकांत अर्धा मिलीसेकंद लिहून यायचा. 'ही बंद करू नये' अशी चिठ्ठी ते स्क्रीनच्या कडेला डकवून देत. माझी अक्षरं त्यानंतर खरोखर पळायला लागली. मधल्या काळात त्यांनी आतली धूळ काढली होती, रॅम वाढवली होती आणि नको असलेले अठ्ठावीस प्रोग्राम उडवले होते. पण ती त्यांच्या लेखी किरकोळ कामं. श्रेय सगळं टायमरचं.

त्यांची मुलगी सृष्टी. तिने लिपिकाची लेखी परीक्षा पहिल्या फटक्यात काढली होती आणि मराठी टायपिंगच्या परीक्षेत दोनदा नापास झाली होती. टायपिंगचं प्रमाणपत्र मुदतीत दिलं नाही तर हातातोंडाशी आलेली नोकरी जाणार, आणि मुदतीच्या आत आता एकच परीक्षा उरली होती.

"दोन्ही खेपा मशीननं घात केला," ईश्वरप्पा म्हणायचे. "घरच्या मशीनवर पोरगी वाऱ्यासारखी टाइप करती. केंद्रात मशीन झोपाळू."

"अप्पा, केंद्रात माझे हात थरथरतात," सृष्टी म्हणायची. "मशीनचं काय घेऊन बसलाव?"

"तू गप बस. तुला हातातलं कळतंय, मला आतलं कळतंय."

परीक्षा लातूरला होती. गाडी माझी, म्हणून मीही गेलो. सृष्टी आत गेली आणि ईश्वरप्पांनी खिशातून पेन ड्राइव्ह काढला. मला म्हणाले, "आत लॅबवाला असंल. त्याला एवढंच सांगतो, सगळ्या मशीनवर टाक. माझ्या एकट्या पोरीसाठी न्हाई, समद्या लेकरांचं भलं होईल."

मी नको म्हणेपर्यंत ते इमारतीच्या मागे गेलेसुद्धा. आता, परीक्षा चालू असताना मागच्या खिडकीशी चवड्यांवर उभा राहून आत हात हलवणारा बाप मराठवाड्यात कशासाठी आलेला असतो, हे सांगायला भरारी पथक लागत नाही. तिथे तर भरारी पथकच आलं. पुढे एक मॅडम, मागे दोन पोलीस.

"चिठ्ठी काढा."

"चिठ्ठी न्हाई मॅडम. अर्धा मिलीसेकंद हाय."

"काय?"

"मशीनला पळवायचं औषध हाय."

मॅडमनी पेन ड्राइव्ह पुरावा धरावा तसा दोन बोटांत धरला. "म्हणजे परीक्षेच्या मशीनमध्ये फेरफार. कुणासाठी आलात? उमेदवाराचं नाव सांगा."

मोंढ्यातल्या चहावाल्यापासून बसच्या कंडक्टरपर्यंत सगळ्यांना मुलीचं नाव न विचारता सांगणारा हा माणूस तिथे दगडासारखा उभा राहिला. नाव कागदावर चढलं की सृष्टीचा पेपर रद्द, हे त्यांना आता कळलं होतं. मॅडम माझ्याकडे वळल्या. "तुम्ही कोण?"

"ड्रायव्हर," मी म्हणालो.

पेन ड्राइव्ह तपासायला लॅबमधल्या आनंदराजला बोलावलं. नांदेडच्या विष्णुपुरीला इंजिनिअरिंग केलेला तरणा मुलगा. त्याने ऑफिसातल्या संगणकावर तो लावला, काळी खिडकी उघडली आणि हसला.

"मॅडम, यात कॉपी नाही. खरं म्हणजे यात काहीच नाही."

"काहीच न्हाई कसं?" ईश्वरप्पा उसळले. "दोनशे मशीनवर बसवलंय मी!"

"काका, जुन्या विंडोजला हे चालायचं. एकाने मागितलं की सगळं मशीन जोरात जागायचं. दोन हजार वीसपासून जो प्रोग्राम मागतो, तेवढ्यालाच तो वेग मिळतो. ही तुमची काळी खिडकी एकटीच पळत असते. बाकीचं मशीन आहे तसंच."

मॅडमनी पेन कागदावर टेकवलं. "काका, तुम्ही सांगा. यानं मशीनला फरक पडतो का नाही?"

पडतो म्हणावं तर फेरफार. ईश्वरप्पांनी त्या हिरव्या अंकांकडे पाहिलं. मग खाली मान घालून म्हणाले, "न्हाई मॅडम. काई फरक पडत न्हाई."

"मग आणलं कशाला?"

"सवय हाय."

मॅडमनी पेन ड्राइव्ह जप्त केला, दोघांनाही फाटकाबाहेर काढलं आणि उमेदवाराच्या नावाची जागा कोरीच ठेवली.

सृष्टी बाहेर आली ती हातांचे तळवे झटकत. "आज हात थरथरले न्हाईत," म्हणाली. "मागं कुणाचा तरी बाप धरला म्हणं पोलिसांनी. तिकडं दंगा चालू, कुणाचं माझ्याकडं ध्यानच नव्हतं." दुसऱ्या दिवशी ईश्वरप्पांनी स्वतः येऊन माझ्या लॅपटॉपवरची काळी खिडकी बंद केली आणि कडेची चिठ्ठी काढून नेली. अक्षरं पूर्वीइतकीच पळत राहिली.

सृष्टी बावन्न गुणांनी पास झाली आणि वेळेत रुजू झाली. तिच्या टेबलावर अजून संगणक आलेला नाही. ती हाताने लिहिते.